बघायला उशीर, की भाषाच उशिरा?

भाषाविकास किंवा विशेष शिक्षण या विषयात पीएच.डी.चा विचार करत असाल, तर २०१८ सालचा एक पेपर तुमच्या वाचनाच्या यादीत असायलाच हवा. काइल मॅकडोनल्ड, टॉड लमार, डेव्हिड कोरिना, व्हर्जिनिया मार्चमन आणि अ‍ॅन फर्नाल्ड यांचा, ‘डेव्हलपमेंटल सायन्स’मध्ये आलेला. हातांनी बोलली जाणारी भाषा लहान मुलं त्या त्या क्षणी कशी समजून घेतात, हे त्यात मोजलंय. पेपर चांगला आहे. त्याचं कौतुक करायचंय, आणि तो जसाच्या तसा उचलून आपल्याकडे आणला तर काय घोटाळा होईल तेही सांगायचंय. कारण हा मोह होतोच. पद्धत तयार, आकडे कसे काढायचे ते तयार, फक्त मुलं आपली. सिनॉप्सिस एका रात्रीत उभा राहतो आणि गाइडही खूश.

आधी प्रयोग समजून घ्या. मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर बसतं. समोर पडद्यावर दोन चित्रं, आणि मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषा बोलणारी बाई. ती विचारते, बाहुली कुठंय? मुलाची नजर बाईवरून सुटून बाहुलीच्या चित्राकडे कधी वळते, ते मिलिसेकंदांत मोजायचं. बस, एवढंच. फर्नाल्ड यांनी ही पद्धत आधी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी वापरली होती आणि तिथे ती चांगली रुळलेली आहे.

पण सांकेतिक भाषेत एक गंमत होते. मौखिक भाषेत कान बोलणाऱ्याकडे आणि डोळे चित्राकडे, अशी कामाची वाटणी करता येते. इथे दोन्ही कामं डोळ्यांनाच. चित्राकडे बघायचं तर बोलणाऱ्यावरून नजर काढून घ्यावी लागते, आणि तेवढ्या वेळात ती जे बोलेल ते गेलं. मग मूल काय करेल? संकेत पूर्ण होईपर्यंत थांबेल, की अर्ध्यातच कळलं म्हणून वळेल?

मुलं वळतात. १६ ते ५३ महिने वयाची २९ मुलं आणि १६ कर्णबधिर प्रौढ यांच्यावर हा प्रयोग झाला, आणि लहान-मोठे सगळ्यांचाच कल संकेत संपायच्या आधी नजर हलवण्याकडे होता. म्हणजे मूल नुसतं हातवारे बघत बसलेलं नसतं; हात हवेत असतानाच ते शब्दाचा अंदाज बांधत असतं.

मोठ्या माणसांबद्दल हे आधीच माहीत होतं. १९९० मध्ये कॅरेन एमोरी आणि कोरिना यांनी एकेका संकेताचा व्हिडिओ थोडा थोडा वाढवत लोकांना दाखवला आणि प्रत्येक वेळी विचारलं, कोणता संकेत वाटतो? साधारण पहिला एक तृतीयांश भाग दिसला की लोक संकेत ओळखत होते. हाताचा आकार, शरीरावरची किंवा हवेतली जागा आणि तळव्याची दिशा या गोष्टी आधी, जवळपास एकदमच कळतात. हालचाल शेवटी कळते, आणि ती कळली की शब्दच कळतो. मौखिक शब्दाशी ताडून बघा. कोणी ‘पाऊस’ म्हणत असेल, तर ‘पा’वर पाणी, पाटी, पापड सगळे दारात उभे असतात, ‘पाऊ’पर्यंत आलो तरी पाऊल आणि पाऊण शिल्लक राहतात. ध्वनी एकामागून एक रांगेत येतात. संकेताचे भाग मात्र एकत्रच समोर येतात, त्यामुळे दारातली गर्दी लवकर पांगते.

आता पेपरमधली सगळ्यात हुशार गोष्ट. २९ मुलांपैकी १६ कर्णबधिर होती आणि १३ ऐकू येणारी. ही १३ मुलंही जन्मापासून सांकेतिक भाषेतच वाढलेली. का घेतली असतील ती? कारण नुसती कर्णबधिर मुलं घेतली असती, तर नजरेची जी काही पद्धत सापडली ती कानाने ऐकू न आल्यामुळे आहे की भाषा डोळ्यांची असल्यामुळे, हे कधीच सुटं करता आलं नसतं. दोन्ही गटांच्या नजरा सारख्याच चालल्या. तेव्हा कारण भाषेच्या बाजूला आहे, कानाच्या बाजूला नाही, असं म्हणायला जागा झाली. व्हायव्हामध्ये ‘तुमचा तुलनेचा गट कोणता आणि तोच का’ हा प्रश्न येतोच येतो; त्याचं इतकं नेमकं उत्तर मी फार कमी पेपरमध्ये पाहिलंय.

माझी तक्रार इथूनच सुरू होते, आणि ती खरं तर पेपरबद्दल नाही, तो कसा वाचला जातो याबद्दल आहे. ‘कर्णबधिर मुलं सांकेतिक भाषा कशी समजून घेतात’ असं आपण म्हणतो, तेव्हा कोणती कर्णबधिर मुलं? या पेपरमधल्या प्रत्येक मुलाला जन्मापासून घरात निदान एक तरी अस्खलित संकेत करणारं माणूस मिळालेलं होतं, आणि बहुतेकांच्या घरी आईवडील दोघंही कर्णबधिर होते. लेखकांनी हे लपवलेलं नाही, सहभागी मुलांची माहिती देतानाच सांगितलंय. पण सारांशातून उतारा घेताना आपल्या हातून ‘जन्मापासून’ हा शब्द गळतो. आणि अशी मुलं अमेरिकेतसुद्धा थोडीच. कर्णबधिर मुलांपैकी दहा टक्क्यांचे पालक कर्णबधिर असतात, हा आकडा तिथे वर्षानुवर्षं पाठ होता. २००४ मध्ये रॉस मिचेल आणि मायकल कार्चमर यांनी तो तपासला, तर तोही जास्तच निघाला.

मी पिंपळे गुरवला राहते. नदीपलीकडे पुणं, अलीकडे भोसरी-चिंचवडच्या कंपन्या, पहाटेच्या बसने चाकणला शिफ्टला जाणारी माणसं. शेजारपाजारची कितीतरी घरं मराठवाड्यातून येऊन इथे स्थिरावलेली. अशा घरात मूल कर्णबधिर जन्मलं, तर बहुतेक वेळा त्या घरातलं ते पहिलंच कर्णबधिर माणूस असतं. त्याचं पुढे काय होतं, ते ओळीने मांडून बघा. दीड वर्षापर्यंत ‘याचे बाबाही उशिराच बोलले होते’ यात जातं. मग तपासणी, मग श्रवणयंत्र, मग वाचा-उपचार, मग जमलं तर कॉक्लिअर इम्प्लांटसाठी धावपळ. या सगळ्यात घरात काही खुणा तयार होतात. पाण्याची एक, आजीची एक, ‘बाबा कामाला गेले’ची हेल्मेट घातल्यासारखी एक. या खुणा खऱ्या असतात, उपयोगी असतात, पण त्या घराबाहेर कोणाला कळत नाहीत आणि त्यांच्यावर पूर्ण भाषा उभी राहत नाही. सांकेतिक भाषा त्या मुलाला भेटते ती शाळेत. तीही अनेक ठिकाणी वर्गात नव्हे, मधल्या सुट्टीत, मोठ्या मुलांच्या हातांवर.

हे आजचं नाही. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेने शाळांमधून हातांची भाषा हद्दपार करायचा ठराव केला, आणि मुंबईत कर्णबधिरांची शाळा सुरू झाली तीही त्याच दशकात. आधी बोलायला शिकव, हातवारे केले तर बोलणार नाही, हा समज तेव्हापासून आपल्या सोबतीला आहे. इचलकरंजीहून १९९७ मध्ये दिलीप देशमुख यांचं सांकेतिक भाषा आणि कर्णबधिरांच्या शिक्षणातली द्विभाषिकता यावरचं इंग्रजी पुस्तक आलं. म्हणजे हा वाद आपल्याला परदेशातून आयात करायची गरज नाही.

तर अशा मुलांना, समजा वय वर्षं सात आणि सांकेतिक भाषा मिळून दोन वर्षं झालेली, आपण मॅकडोनल्डचा प्रयोग लावला. नजर उशिरा वळेल, हे मी प्रयोग न करताच सांगू शकते. तुम्ही प्रबंधात लिहाल, ‘महाराष्ट्रातील कर्णबधिर मुलांचा संकेत-आकलनाचा वेग कमी आढळला.’ वाक्य आकड्यांच्या दृष्टीने खरं असेल. पण तुम्ही मोजलं काय? तुम्ही मोजली ती सात वर्षांतली पाच कोरडी गेलेली वर्षं. वाक्य मात्र त्या मुलावर बसलं. उद्या ते एखाद्या मुख्याध्यापकांच्या वाचनात येईल आणि पालकसभेत त्याचा अर्थ ‘ही मुलं संकेतही सावकाशच घेतात, मग त्यात वेळ कशाला घालवायचा’ असा होईल. संशोधनाने मुलाचं नुकसान होतं म्हणतात ते असं.

भाषा उशिरा मिळाल्याची खूण किती खोल जाते, हे २०१५ मध्ये एमी लिबरमन, एरिएल बोरोव्स्की, मार्ला हाट्राक आणि रेचल मेबेरी यांनी दाखवलं. यातले सहभागी लोक प्रौढ होते. काहींना जन्मापासून सांकेतिक भाषा, काहींना पहिली भाषाच उशिरा मिळालेली. पडद्यावर चार चित्रं. त्यातल्या एखाद्या चित्राचा संकेत विचारलेल्या संकेतासारखाच दिसणारा: तीच जागा, तोच आकार, हालचाल वेगळी, अशासारखा. जन्मापासून भाषा मिळालेल्यांची नजर सुरुवातीला या सारख्या दिसणाऱ्या संकेताकडे ओढली जाते, जशी आपली ‘पाऊस’ ऐकताना ‘पाऊल’कडे जाईल. म्हणजे त्यांच्या मनात संकेत सुट्या भागांनी बांधलेले आहेत आणि ते भाग पाहता पाहता जागे होतात. उशिरा शिकलेल्यांमध्ये ही ओढ दिसली नाही, आणि ते सावकाशही होते. अर्थाने जवळच्या शब्दांचा ओढा मात्र त्यांनाही जाणवत होता. अर्थाची वीण शाबूत. आकाराची वीण वेगळी. उशिरा शिकलेल्यांचा गट फक्त आठ जणांचा होता, हे विसरू नका, त्यामुळे फार ताणू नका. पण प्रश्न विचारण्याची ही रीत बघा. ‘कर्णबधिर विरुद्ध ऐकू येणारे’ अशी रेघ त्यांनी मारलीच नाही. त्यांची रेघ ‘भाषा कधी मिळाली’ यावर होती.

मग ऐकू येणाऱ्या आईबापांच्या मुलांचं नशीब ठरलेलंच का? नाही. २०२१ मध्ये नेओमी कॅसेली, जेनी पायर्स आणि लिबरमन यांनी अशाच मुलांचा शब्दसंग्रह पाहिला. सांकेतिक भाषा सहा महिन्यांच्या आत मिळायला लागली असेल, तर आईवडील ऐकू येणारे असूनही या मुलांची शब्दवाढ वयाला साजेशी होती. त्यांचे आईवडील काही अस्खलित नव्हते, तेही शिकतच होते. पालकांशी बोलायची वेळ आली तर मी हा निष्कर्ष आधी सांगते, कारण आईच्या मनात ‘मलाच येत नाही तर मी काय शिकवणार’ हे असतं. अर्थात तिथे घरी येऊन संकेत शिकवणारं माणूस मिळू शकतं. पिंपळे गुरवच्या दहा बाय बाराच्या खोलीत, दोघांच्या दोन शिफ्टमध्ये ते कसं बसवायचं, हा वेगळा आणि खराच प्रश्न आहे.

इम्प्लांटबद्दल दोन ओळी, कारण विचारलं जातंच. संकेत शिकवले तर वाचा मागे पडेल ही भीती तपासताना कॅथरिन डेव्हिडसन, डायन लिलो-मार्टिन आणि डेबोरा चेन पिक्लर यांनी २०१४ मध्ये इम्प्लांट असलेली, जन्मापासून संकेत मिळालेली पाच मुलं घेतली. त्यांचं इंग्रजी बोलणं तशाच घरातल्या ऐकू येणाऱ्या मुलांच्या तोडीचं होतं. पाचच मुलं, आणि पुन्हा कर्णबधिर घरातली. भीतीला उत्तर म्हणून पुरेसं, पण आपल्याकडच्या मुलांचं भाकीत म्हणून नाही.

आता दुसरा मुद्दा, जो मला जास्त आवडतो. उशिरा नजर वळली म्हणजे उशिरा कळलं, हे समीकरणच कच्चं आहे. हे दाखवलं खुद्द मॅकडोनल्ड आणि मंडळींनी, २०२० च्या पेपरमध्ये. सांकेतिक भाषा शिकणारी मुलं इंग्रजी शिकणाऱ्या मुलांपेक्षा बोलणाऱ्यावर जास्त वेळ नजर ठेवतात, पण वळतात तेव्हा अचूक वळतात, आणि भलतीकडे नजर जाण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी असतं. याहून मजेशीर म्हणजे, आवाजाचा गोंगाट वाढवला की ऐकू येणारी मुलंही तसंच करू लागतात: थांबतात, तोंडाकडे जास्त वेळ बघतात, मग वळतात. म्हणजे थांबणं हा हिशोब आहे. नजर काढल्यावर काय हुकेल, हे मूल जोखत असतं. ज्या मुलाचं आयुष्यभर निम्मं बोलणं हुकलंय, ते जरा जास्तच जोखेल, नाही का? त्या जादाच्या २०० मिलिसेकंदांना तुम्ही मंदपणा म्हणणार की सावधपणा, हे एकट्या वेगाच्या आकड्यावरून ठरत नाही. वेग, अचूकता आणि भलतीकडे गेलेल्या नजरा, तिन्ही एकत्र मांडल्याशिवाय काहीच लिहू नका.

हेच घरातही दिसतं. आई भाजी चिरतेय, मूल टोमॅटोकडे बघतंय, आई ‘टोमॅटो’ म्हणते. ऐकू येणाऱ्या मुलाला शब्द आणि वस्तू एकाच क्षणी मिळाली. कर्णबधिर मुलाला आईच्या हाताची खूण दिसलीच नाही, त्याचे डोळे टोमॅटोवर होते. कर्णबधिर आया थांबतात, मुलाने वर बघितल्यावर संकेत करतात, किंवा मुलाच्या नजरेच्या टप्प्यात हात नेतात. ही युक्ती त्यांना कोणी वर्गात शिकवलेली नसते. ऐकू येणाऱ्या आईला मात्र ती मुद्दाम शिकावी लागते, आणि ते संकेत पाठ करण्याइतकंच महत्त्वाचं आहे. फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्यांना तर आधी.

तिसरी अडचण खास आपली. प्रयोगात ‘बाहुली’चा कोणता संकेत दाखवणार? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा कोश २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांवर पोचला. व्हिडिओ आयते मिळतात, म्हणून विद्यार्थी ते उचलतात. पण १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ (स्वतः कर्णबधिर), जेम्स वुडवर्ड आणि किर्क विल्सन यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर या चार शहरांतले संकेत ताडून पाहिले, तेव्हा बराच मोठा भाग नात्यातला निघाला तरी सगळा नाही. पुढे उलरिके झेशान यांनी दाखवलं की दिल्ली-कराचीपर्यंत व्याकरण बरंचसं एक आहे, फरक पडतो तो शब्दांत. लातूरकडच्या निवासी शाळेतून पिंपरीत आलेल्या मुलाचा संकेत कोशातल्यापेक्षा वेगळा असू शकतो. मराठवाड्यातल्या पोराला ‘माळवं कुठंय’ विचारलं तर ते टोपलीकडे बोट करेल, सदाशिव पेठेतलं मूल क्षणभर तुमच्या तोंडाकडे बघत राहील. त्या क्षणाला तुम्ही आकलनाचा दोष म्हणाल का? नवीन शैक्षणिक धोरणात (२०२०) भारतीय सांकेतिक भाषेचं देशभर प्रमाणीकरण करायचं म्हटलंय, ते वाक्य सगळे उद्धृत करतात. त्याच परिच्छेदात जमेल तिथे स्थानिक सांकेतिक भाषांचा मान राखावा आणि त्या शिकवाव्यात असंही आहे, ते कोणी करत नाही. म्हणून शब्दसंग्रहाची यादीही अमेरिकन यादीचं भाषांतर करून भागत नाही. आधी त्या शाळेतल्या मोठ्या मुलांसोबत बसून कोणते संकेत खरोखर चालतात ते टिपा, मग त्यांचेच व्हिडिओ करा.

आकड्यांबद्दल एकच गोष्ट. पेपरमध्ये मुलांच्या आकलनाचा वय आणि शब्दसंग्रह या दोन्हींशी सहसंबंध सापडलाय. लेखकांनी ‘सहसंबंध’ म्हटलंय. आपल्याकडच्या सेमिनारमध्ये तिसऱ्या स्लाइडपर्यंत त्याचा ‘परिणाम’ झालेला असतो. दीड वर्षापासून साडेचारपर्यंतची मुलं एकाच टोपलीत टाकली की वयासोबत सगळंच वाढतं, शब्द, वेग आणि चपलेचा नंबरसुद्धा.

एवढं सगळं ऐकून विषय सोडू नका. उलट हा प्रयोग आपल्याकडे करण्यासारखा आहे, आणि स्वस्तात होतो. महागडा आय-ट्रॅकर लागतोच असं नाही. या पद्धतीत साधा कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर लावतात; सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण ३३ मिलिसेकंदांची. मग प्रत्येक फ्रेमला नजर डावीकडे, मध्ये की उजवीकडे, ते हाताने नोंदवतात. डोळे फुटतात, पण होतं. नोंदवणाऱ्याला बरोबर चित्र कोणत्या बाजूला होतं ते माहीत नसावं, आणि काही व्हिडिओ दोघांनी स्वतंत्र नोंदवून जुळणी तपासावी. मांडीवर बसवणाऱ्या आईचे डोळे झाका, नाहीतर मूल तिच्याकडून उत्तर घेतं. मुलं कमी मिळाली तरी चालतील. पण प्रत्येक मुलाच्या नावापुढे आधी हे रकाने भरा: ऐकू येत नाही हे कधी कळलं, पहिला संकेत कोणाच्या हातावर पाहिला आणि कोणत्या वयात, घरात आज कोण कोण संकेत करतं, यंत्र किंवा इम्प्लांट केव्हापासून. आलेखाच्या आडव्या अक्षावर मुलाचं वय टाकण्याआधी भाषेचं वय टाकून बघा, म्हणजे भाषा मिळून झालेली वर्षं. आणि जमलं तर अशी दोन-चार तरी मुलं शोधा ज्यांचे आईवडील कर्णबधिर आहेत आणि जी स्वतः ऐकू येणारी आहेत. ती मॅकडोनल्डच्या १३ मुलांसारखंच काम करतील.

व्हिडिओ नोंदवायला आणि संकेत ठरवायला कर्णबधिर सहकारी घ्या. त्यांचं मानधन बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा, नाव आभारात न टाकता लेखकांत टाका. दुभाषाचा खर्चही त्यातच धरा. संमतीपत्र मराठीत छापून आईच्या हातात दिलं की काम संपलं असं नाही. सात वर्षांच्या मुलालाही ‘नको’ म्हणता यायला हवं, आणि ते त्याच्या भाषेत कसं विचारायचं, हे तुम्हाला तो कर्णबधिर सहकारीच सांगेल.